चित्रपटाच्या कानगोष्टी

चित्रपटाने स्वतःच बोलावे, कुणी मध्ये तोंड घालू नये, असे मी अनेकदा तावातावाने म्हटले आहे. 'सिटिझन केन'च्या (१९४१) तबकडीने माझा हा हट्ट मोडला. २००१ साली निघालेल्या त्या डीव्हीडीवर समीक्षक रॉजर ईबर्ट चित्रपट चालू असतानाच बोलत जातात. खोल्यांची छते कापडाची होती आणि ध्वनिग्राहक त्यांवर दडवले होते, हे कळले आणि दोनदा पाहिलेला चित्रपट मी तिसऱ्या खेपेस खऱ्या अर्थाने पाहिला.

ही प्रथा १९८४ साली 'किंग काँग'च्या लेझर तबकडीपासून सुरू झाली. रोनाल्ड हेवर हे तिचे पहिले भाष्यकार. पुढे मात्र अशा भाष्यांचे पेव फुटले. पुष्कळ ठिकाणी नटमंडळी एकमेकांची पाठ थोपटतात, नाहीतर पडद्यावर दिसते तेच सांगतात. माझी कसोटी साधी आहे : पहिली दहा मिनिटे ऐकावीत, डोळ्यांना न दिसलेले काही कळले नाही, तर खुशाल बंद करावे.

खंत एकच. आपल्या जुन्या मराठी चित्रपटांविषयी असे बोलू शकणारे संकलक, छायालेखक थकत चालले आहेत. मित्रहो, येत्या सुट्टीत अशा एखाद्या वृद्ध तंत्रज्ञाशेजारी बसून त्यांचाच चित्रपट पाहावा आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, याला कितीसा खर्च येणार आहे?