वय कोणी खाल्लं?



९ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. मी राहतो त्या वस्तीत त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मिरवणुकीचा डीजे किती वाजेपर्यंत चालावा यावर मात्र तीन बैठका झाल्या. म्हणून हे लिहितो आहे.

प्रकरण केंद्रीय दलांतल्या शिपाई भरतीचं. परीक्षा स्टाफ सिलेक्शन कमिशनची. वयाची अट १८ ते २३, ओबीसीला तीन वर्षं जास्त. काही ओबीसी पोरांनी ती तीन वर्षं घेतली, पेपर दिला, आणि खुल्या यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त मार्क आणले. ओबीसीची यादी त्याहूनही वर बंद झालेली. म्हणजे आपल्या यादीत बसत नाहीत, पण खुल्या यादीत सहज बसतात. कलकत्ता हायकोर्ट म्हणालं, घ्या यांना. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. का नाही? तर त्यांनी वयाची सवलत घेतली.

"ओबीसीचं प्रकरण आहे, आपल्याले काय करायचं," असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी तो कागद डोळे उघडून वाचावा. १ जुलै १९९८ चं केंद्राच्या कार्मिक खात्याचं पत्रक आहे ते. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, तिघांनाही एकाच दोरीनं बांधतं. पत्रक सांगतं की वय, अनुभव, पात्रता, परीक्षेला बसण्याची संधी किती वेळा, यांपैकी कशातही सूट घेतली असेल, तर तो उमेदवार राखीव जागेतच मोजायचा. खुल्या जागेसाठी तो विचारातच घ्यायचा नाही. मार्क कितीही असोत.

मार्क कितीही असोत म्हणजे किती, तेही पाहा. २०१७ साली केरळ हायकोर्टातून एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. निर्यात तपासणी परिषदेतली लॅब असिस्टंटची जागा. मुलगी ओबीसी. वयाची सूट घेतलेली. मार्क ८२. ओबीसीच्या जागेवर ९३ वाली दुसरी मुलगी गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण खुल्या गटात निदान ७० मार्क लागत होते, आणि त्या गटातल्या एकालाही ७० मिळाले नाहीत. एकालाही नाही! तरी ८२ वाली बाहेर. आता गुणवत्तेच्या नावानं गळा काढणारे सगळे संपादकीय लेखक कुठं बसले होते? सत्तर न मिळवणाऱ्यांच्या गटात बहात्तरवाला, ब्याऐंशीवाला, नव्वदवाला आपला कोणी शिरता कामा नये, ही कसली गुणवत्ता? ही राखण आहे. जागली बसवलाय दारात.

खुली जागा म्हणजे काय? ती कोणाच्या जातीची जागा नाही. १९९२ साली मंडल निकालात नऊ न्यायमूर्ती बसले होते, तेव्हाच कोर्टानं मानलं की मागास उमेदवार आपल्या मार्कांवर निवडला गेला तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही. सरळ गोष्ट आहे. पण पत्रकाची खुबी अशी की ते मार्कांना हातच लावत नाही. जन्मतारखेला लावतं. ज्यानं वयाची सूट घेतली तो खुल्यात नको. त्याला ढकला राखीव यादीत. तो तिथं एक जागा अडवतो. त्याच्या खालचा, आपलाच दुसरा पोरगा, घरी जातो. म्हणजे ज्याला आपण तळ समजत होतो, निदान इतके तरी आत घ्या, तो तळ त्यांनी उचलून छताला नेऊन ठोकला. इतकेच आत या, वर डोकं काढू नका. गावकुस पाडलं म्हणता? हे बघा नवं गावकुस, टाइप केलेलं, जावक क्रमांकासकट.

आता कोणी शहाणा विचारेल, "दोन्हीकडून फायदा कसा घेता?"

बावा, वयाच्या सवलतीनं एक तरी मार्क वाढतो का? पेपर तोच, वेळ तोच, तपासणारा तोच. सवलत फक्त हॉलच्या दारापर्यंत आणते. आत गेल्यावर जो तो आपल्या पेनाचा धनी. हे मीच म्हणतो असं नाही. ८ जानेवारी २०१० ला सुप्रीम कोर्टानंच उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीच्या प्रकरणात हे म्हटलं आहे: वयाची आणि फीची सूट ही मार्कांतली सूट नव्हे, ती स्पर्धेला सुरुवात होण्याआधीची गोष्ट. ती पोरं खुल्यात घेतली गेली. मग २०१७ ला आणि २०२५ ला उलट काहून झालं? कोर्टाचं उत्तर असं की उत्तर प्रदेशात सूट घेतलेल्याला खुल्यात घेण्याचा नियम होता, केंद्रात तसा नाही, उलट मनाई करणारं पत्रक आहे.

हे नीट समजून घ्या, कारण इथंच खरी गोम आहे. कोर्टानं असं कुठं म्हटलेलं नाही की संविधान आपल्याला अडवतं. अडवतं ते एका खात्याचं पत्रक. संसदेनं केलेला कायदा नव्हे, घटनादुरुस्ती नव्हे. एका सहीनं निघालं, एका सहीनं मागं घेता येतं. २०१० नंतर कोणत्या सरकारनं ती सही केली? काँग्रेसचं आलं, भाजपचं आलं, दोघांनीही पत्रकाला हात लावला नाही. आणि आपले लोक अजून कोर्टाच्या नावानं बोटं मोडून राहिले. कोर्टाला शिव्या देणं सोपं असतं, मंत्र्याच्या दारात बसणं जड जातं.

आणि "सवलत" हा शब्द तरी कोणाला लागतो? २०१४ साली केंद्रीय नागरी सेवा परीक्षेची खुल्या गटाची मर्यादा ३० वरून ३२ केली. त्याला कोणी सवलत म्हटलं नाही. मार्च २०२३ मध्ये कोरोनानं भरती रखडली म्हणून महाराष्ट्र सरकारनं सगळ्यांनाच दोन वर्षं वाढवून दिली, खुल्याला ३८ ची ४०. चांगलं केलं. पण ३९ वर्षांच्या खुल्या उमेदवाराला कोणी म्हटलं का, की तू सूट घेतली, आता तू खुल्यातून बाद? त्याची दोन वर्षं महामारीनं खाल्ली, म्हणून भरून दिली. आपली दोन हजार वर्षं कोणी खाल्ली याची चौकशी तर सोडा, भरून दिलेली पाचसुद्धा आपल्याच गळ्यात लोढणं करून बांधली.

ही वर्षं फुकटात मिळालेली नाहीत. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढं ठेवलं. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या, आणि त्याच हुकमात वयाची मर्यादा तीन वर्षं वाढवली, परीक्षेची फी पाव केली. जागा, वय आणि फी, तिन्ही एकत्र. कारण बाबासाहेबांना माहीत होतं की आपला पोरगा शाळेत उशिरा जातो, मधेच मजुरीला लागतो, परत शाळेत येतो, आणि मॅट्रिकला पोचेस्तोवर त्याच्या वयाचा बामणाचा पोरगा हेडक्लार्क झालेला असतो. पुढं तीनाची पाच वर्षं झाली.

पण या पाच वर्षांचा नागपुरात काय तमाशा झाला, ते आजच्या पोट्ट्यांना माहीत नाही. सांगतो.

सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेनं अनुसूचित जातींचा आदेश दुरुस्त केला: हिंदू किंवा शीख असेल तोच अनुसूचित जातीचा. तीन आठवड्यांत, १४ ऑक्टोबरला, याच शहरात आपण बौद्ध झालो. १९६१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी धर्म बौद्ध लिहिला. आणि त्या दिवसापासून दिल्लीच्या लेखी आपण अनुसूचित जातीचे उरलो नाही. विहिरीवर महार, फारमावर बौद्ध. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यानं आपल्या नोकऱ्यांपुरत्या सवलती बौद्धांना लागू केल्या. रेल्वे, पोस्ट, आयुधनिर्माणी, केंद्राची सगळी हापिसं मात्र बंद. १९६४ चा निकाल तर नागपूरचाच. राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची आमदारकी सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवली, कारण त्यांनी बौद्ध धर्म जाहीरपणे स्वीकारला होता. लपून स्वीकारला असता तर चाललं असतं बहुतेक.

माझा मोठा काका त्या काळात केंद्राच्या एका हापिसात अर्ज घेऊन गेला. वय दोन वर्षांनी जास्त. खिडकीतला बाबू समजूतदार होता. म्हणाला, "अबे, हिंदू महार लिही ना. पाच वर्षं सुटतात. कोण पाहून राहिलं?" काकानं फारम परत घेतला अन् घरी आला. पुढं जन्मभर बिडी कारखान्यात. त्याच्या सोबत्यांपैकी काहींनी "हिंदू महार" लिहिलं, नोकरी धरली आणि दर रविवारी विहारात मागच्या रांगेत खाली मान घालून बसले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोराबाळांची पोटं होती. पण माणसाला भाकरीसाठी आपला धर्म खोटा लिहायला लावणारी ती खिडकी कोणाची होती, ते विसरू नका.

केंद्राचा कायदा बदलला तो जून १९९० मध्ये, व्ही. पी. सिंगांच्या काळात. चौतीस वर्षं गेली होती. आता हिशेब करा. दीक्षेच्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ ला जन्मलेलं पोर जून १९९० ला ३३ पूर्ण. केंद्रातल्या बारावी पातळीच्या क्लार्कीची आजची मर्यादा २७, सवलत धरून ३२. ही आजची मर्यादा लावली तरी ते पोर बाद. दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं प्रत्येक लेकरू त्या खिडकीसाठी बाद. दार उघडलं तेव्हा त्या पिढीचं वयच उरलं नव्हतं. त्यांची पोरं मग उशिरा शिकली, कारण बाप बिडी कारखान्यात होता. त्यांना पाच वर्षं लागली, तर आता १९९८ चं पत्रक म्हणतं, वर्षं घेतली ना, मग खुल्याकडं पाहू नको.

आता कामाचं. फारम भरताना वयाची सवलत हवी का असं विचारतात. तुमचं वय खुल्या मर्यादेत बसत असेल तर तिथं "नाही" लिहा. जात अनुसूचितच लिहा, पण नको असलेली सूट मागू नका. फीची माफी त्या पत्रकाच्या यादीत नाही, ती घ्या. प्रत्येक जाहिरातीतली ही बारीक अक्षरातली ओळ आधी शोधा, क्लासवाला सांगेल याची वाट पाहू नका. वस्तीतल्या पोरापोरींचे फारम बसून तपासा. दर आठवड्याला एक संध्याकाळ पुरते.

आणि मोर्चा काढायचाच असेल तर एकाच मागणीचा काढा: १ जुलै १९९८ चं पत्रक मागं घ्या. दहा मागण्यांचं निवेदन कोणी वाचत नाही. रामटेक लोकसभा राखीव आहे. तिथून आपल्या जातीच्या नावावर दिल्लीला गेलेल्या खासदाराला विचारा, हे पत्रक वाचलं का. नसेल तर प्रत देऊन या आणि पोच घ्या. पोच मात्र नक्की घ्या, तारखेसकट.