मिती, तारीख आणि नोंदीची भाषा



दिवाळीच्या अमावास्येला आपण महाराष्ट्रात आश्विन वद्य अमावास्या म्हणतो. मारवाडातून आलेल्या आपल्याच कुटुंबांच्या जुन्या चोपड्यांत त्याच दिवसाची मिती कार्तिक वदी अमावास्या अशी आढळते. दोन्ही नोंदी अचूक आहेत. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षात महिन्याचे नाव जुळते आणि वद्य पक्षात बदलते. ही रीत ठाऊक नसलेला मनुष्य मात्र दोन वह्यांचा मेळ घालताना एका महिन्याची चूक करील. तात्पर्य, नोंद खरी असणे पुरेसे नाही; ती कोणत्या रीतीने लिहिली आहे, हेही लिहिलेले असावे लागते.

संगणकाच्या जगात याचे बोधप्रद उदाहरण बातम्या वाचण्याच्या एका सेवेचे आहे. ‘गुगल रीडर’ ही सेवा 2005 मध्ये सुरू झाली आणि 1 जुलै 2013 रोजी बंद झाली. अनेक संकेतस्थळांवरील नव्या बातम्या ती एका ठिकाणी आणून देई. इतर कार्यक्रमांनाही तिच्याकडून बातम्या घेता येत. दोन संगणक-प्रणालींनी परस्परांशी बोलण्याच्या अशा ठरलेल्या रीतीला ‘एपीआय’ म्हणतात. या सेवेत एकाच बातमीसोबत वेळेचे तीन आकडे येत: प्रसिद्धीची वेळ सेकंदांत, संकलनाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत आणि क्रम लावण्याची वेळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत. तिन्ही मोजण्या 1 जानेवारी 1970 पासूनच्या. सेकंदांचा आकडा हजारावे भाग समजून वाचला, तर आजची बातमी जानेवारी 1970 मधील ठरे! बातमीचा ओळखक्रमांकही दोन रूपांत येई: एक लांब, अंक व अक्षरे मिसळलेला, दुसरा आखूड, केवळ अंकांचा.

गुगलने या रीतीची अधिकृत माहितीपुस्तिका कधीच प्रसिद्ध केली नाही. स्वतंत्र प्रोग्रामरांनी एकेक आकडा तपासून त्याचा अर्थ लिहून ठेवला. त्या स्पष्टीकरणाचे मोल मूळ सेवा बंद झाल्यावर कळले. नव्या सेवांनी तीच रीत स्वीकारली आणि जुने वाचन-कार्यक्रम चालू राहिले. मालक गेला, पण वहीची किल्ली उरली.

भोरच्या बाजारपेठेतील दुकानाला याचे काय, असे कोणी विचारील. आज आपले बिल दुकानाच्या संगणकातून जीएसटीच्या संकेतस्थळावर, तेथून खरेदीदाराच्या हिशेबात जाते. जीएसटीआर-1 च्या फाईलमध्ये दिवस, महिना व वर्ष यांच्यामध्ये आडवी रेघ लागते; ई-वे बिलाच्या फाईलमध्ये तिरपी. हा फरक संगणक तत्काळ दाखवून देतो, म्हणून तो निरुपद्रवी. खरा धोका न बोलणाऱ्या चुकीचा आहे.

संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर ठेवलेली असेल, तर 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल न राहता 4 मार्च होतो. बिल एका आर्थिक वर्षातून उचलून मागील वर्षात पडते. उलाढाल, कर आणि ताळेबंद तिन्ही बिघडतात. विशेष म्हणजे 13 पासून पुढच्या तारखा अडतात, कारण तेरावा महिना नसतो. 12 पर्यंतच्या मात्र निमूट उलटतात. म्हणून यादीतील काही तारखा बरोबर दिसल्या, एवढ्यावरून सर्व बरोबर मानू नयेत.

बँकेच्या तपशिलाचेही तसेच. आयएफएससी अकरा वर्णांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे, शेवटची सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ लिहिणे ही नित्याची चूक. एक्सेलमध्ये खातेक्रमांक संख्या म्हणून भरला, तर आरंभीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांपुढील अंक शून्य होतात. खातेक्रमांक बेरजेसाठी नसतो. त्याचा रकाना प्रथमपासून ‘टेक्स्ट’ ठेवावा.

नावांपेक्षा संकेतांक अधिक टिकतात, हे आपल्या परिसरातच दिसते. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला. ग्राहकांच्या यादीत काही पत्ते वेल्हे म्हणून, काही राजगड म्हणून असतील आणि संगणक त्यांना दोन तालुके मानील. परंतु वेल्ह्याचा पिनकोड 412212 आणि भोरचा 412206 पाहिला की घोटाळा उरत नाही. सारख्या नावांची गावे आणि नाना लिप्यांतील पत्ते यांतून टपालाला वाट काढून देणारी ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी टपाल-अधिकारी व संस्कृत कवी होते.

आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात ही शिस्त होतीच. धनादेशावर रक्कम अंकी व अक्षरी लिहिली जाते; दोहोंत तफावत आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य, असे परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 चे कलम 18 सांगते. वाद होण्यापूर्वीच निवाडा लिहून ठेवणे, यालाच व्यवस्था म्हणतात.

तेव्हा प्रत्येक पेढीने एक पान करावे. तारीख कोणत्या क्रमाने, रक्कम रुपयांत की हजारांत, वजन किलोत की क्विंटलमध्ये, दर करासह की कराविना, मालाच्या व ग्राहकाच्या संकेतांकाचा अर्थ काय, हे त्यावर नोंदवावे. ते पान हिशेबनिसाला, कर-सल्लागाराला आणि पुढील पिढीला द्यावे. हिशेबनीस बदलला किंवा संगणक-प्रणाली बदलली, तरी वही वाचता आली पाहिजे. अनेक पेढ्यांत ही किल्ली आज एकाच माणसाच्या डोक्यात असते. ती कागदावर उतरवण्यास एक दुपार पुरते. हरवल्यावर शोधण्यास मात्र वर्षे लागतात.