रसायनशास्त्र प्रवेशपरीक्षेपुरतेच काय?

कुंभार मातीला आकार देतो व भट्टीत ती पक्की करतो. परंतु मातीचा धागा ओढावा कसा? सिलिकॉन कार्बाइड तर सामान्य दाबाखाली वितळतही नाही. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये हा पेच सोडविला. सिलिकॉन व कार्बन यांच्या साखळीचे पॉलिकार्बोसिलेन हे बहुवारिक वितळवून त्यांनी केसाहून बारीक तंतू काढले, हवेत मंद आचेवर ते दृढ केले आणि निष्क्रिय वायूत सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले. हायड्रोजन, मिथेन निघून गेले. उरला सिरॅमिकचा तंतू. असे तंतू सिरॅमिकमध्येच गुंफले म्हणजे त्याचा ठिसूळपणा ओसरतो, कारण तडा तंतूपाशी अडतो. २०१६ पासून प्रवासी विमानांच्या लीप इंजिनात असे भाग आहेत. निकेलच्या मिश्रधातूहून ते पुष्कळच हलके.

ही विद्या मोजक्याच देशांना साधली आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात तीवर संशोधन झाले आहे. मग औशाहून लातूरला शिकवणीसाठी जाणाऱ्या मुलांचा तिच्याशी संबंध काय? ‘लातूर पॅटर्न’ने रसायनशास्त्रात गुण मिळविण्याची कला सिद्ध केली, हे मान्यच; पण वैद्यकीय प्रवेश मिळाला की ती वही कायमची मिटते. ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांना बी.एस्सी. ही शिक्षाच वाटते. दोष मुलांचा नव्हे. शिकवणीवर पालक जो पैसा ओततात, त्याच्या अंशमात्रात नांदेड विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रात निष्क्रिय वायूची एक नळीभट्टी व बहुवारिकांचा अभ्यासक्रम उभा राहू शकेल. विद्यापीठाने ती मागणी शासनाकडे करावी, आणि प्राध्यापकांनी तिचा पाठपुरावा करावा.