रजेचे बिल एकट्याच्या नावावर नको

‘लग्नाला किती वर्षे झाली? मुलाबाळांचा काही विचार?’ नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न पुरुषाला क्वचितच विचारला जातो. बाईला मात्र आडवळणाने का होईना, आजही विचारतात. विचारणाऱ्याला तिच्या संसाराची काळजी नसते. तो मनातल्या मनात २६ आठवड्यांच्या पगाराचा हिशेब मांडत असतो.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ वारंवार प्यायले तर ते वाढते, स्तन वेळेवर रिकामे झाले नाहीत तर आटू लागते. तिसऱ्या महिन्यात कामावर परतलेल्या आईला दूध कमी पडते, यात तिचा हलगर्जीपणा नाही. शरीराचे कामच तसे चालते. म्हणून ही रजा मेहेरबानी नव्हे, आई आणि बाळ दोघांची गरज आहे.

गोम रजेत नाही, ती पगार कोण देतो यात आहे. कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि सगळा पगार मालकाने द्यायचा असतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो भार मालकावरच आहे. बारा-पंधरा माणसांच्या छोट्या उद्योगाला सहा महिन्यांचा पगार आणि बदलीच्या माणसाचा खर्च जड जातो. मग सारख्याच पात्रतेचे दोघे समोर आले, की पुरुषाची निवड होते. ज्या कायद्याने बाईची नोकरी टिकवायची, तोच तिला दारातच अडवतो.

यावर उपाय आपल्याकडेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलेला प्रसूती रजेचे पैसे विमा महामंडळ देते. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के वर्गणी भरतात, तीही स्त्री-पुरुष सर्वांसाठी. त्यामुळे बाई कामावर ठेवली म्हणून मालकाचा खर्च वाढत नाही. पण तिच्याच शेजारच्या टेबलावरील, २५ हजार पगाराची नवी सहकारी रजेवर गेली, तर भुर्दंड थेट मालकाला.

ही मर्यादा प्रसूती लाभापुरती तरी काढून टाकावी. सर्व आस्थापनांनी एकूण वेतनावर थोडी वर्गणी भरावी आणि सरकारनेही वाटा उचलावा. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. लोककल्याण ही सरकारची जबाबदारी, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने सोसावा आणि मालकानेही सुटू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

पाळणाघराच्या बाबतीत कायद्याला हे शहाणपण सुचले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती स्त्री कामगारांच्या संख्येवर ठरत असे, म्हणजे बायका कमी ठेवल्या की सुटका. २०१७ च्या दुरुस्तीने ती एकूण ५० कर्मचाऱ्यांवर आणली. पगाराचेही तसेच करावे.

शेतात, घरकामात राबणाऱ्या बहुसंख्य बायका तर या कायद्याच्या बाहेरच आहेत. त्यांना पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात. सामाईक निधी उभा राहिला, तर त्यांच्यापर्यंतही पोहोचता येईल. मूल एका घरात जन्मते, पण उद्या सगळ्या समाजाच्या कामी येते. त्याच्या पहिल्या सहा महिन्यांचा खर्च सगळ्यांनी मिळून का उचलू नये?