बाहुलीच्या झग्यातली शिवण

माझ्या संग्रहात १९६०च्या दशकातले बार्बीचे काही कपडे आहेत. घरी आलेले लोक आधी बाहुली बघायला मागतात. मी मात्र झगा उलटा करून आतली शिवण दाखवते. इवलीशी चेन, बारीक प्रेसबटणं, जॅकेटला लावलेलं अस्तर आणि आत टाचलेलं बार्बीच्या नावाचं लेबल. आज आपल्या अंगावरच्या तयार कपड्यांतही इतकं निगुतीचं काम क्वचितच दिसतं.

बार्बी १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात आली. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी बेतले. शिवले मात्र जपानमधल्या बायकांनी, कित्येकींनी घरी बसून. जॉन्सन यांचं नाव पुस्तकांत आलं, त्या बायकांचं राहून गेलं. त्यांच्या कसबाचा पुरावा या टाक्यांतच उरला आहे. त्यांच्या कसबाचा पुरावा या टाक्यांतच उरला आहे.

जुने कपडे जपणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: नवे दिसावेत म्हणून ते धुऊ नका, टाके उसवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी आम्लविरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवा. एखादा डाग राहिला तरी चालेल, मूळ शिवण टिकली पाहिजे.