करवाढ नाही, मग नाला कशातून?

महापालिकेच्या निवडणुकीतला उमेदवार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, दोन आश्वासने हमखास देतो. तुमच्या प्रभागात पाणी तुंबणार नाही, हे पहिले. तुमच्यावर करांचा बोजा पडू देणार नाही, हे दुसरे. दोन्ही आश्वासने एकाच पत्रकात, बहुधा एकाखाली एक छापलेली असतात आणि त्यांच्यातली विसंगती ना उमेदवाराला खटकते ना मतदाराला. या विसंगतीची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर चेन्नईच्या टी. नगरइतके बोलके ठिकाण नाही.

तळ्यावर वसलेले नगर

त्यागराय नगर, म्हणजे टी. नगर, हे नाव जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्यावरून पडले. ते स्वतः मद्रास महापालिकेचे अध्यक्ष होते. १९२० च्या दशकात एक मोठा तलाव बुजवून ही वसाहत आखण्यात आली. तलाव गेला, शेजारच्या पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ एवढे नाव मागे राहिले. पाण्याला मात्र आपली जागा विसरता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ते परत आले, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा आले. रेशमी साड्यांची आणि सोन्याची देशभर ख्याती असलेली ही बाजारपेठ गुडघाभर पाण्यात उभी होती.

२०२१ च्या त्या पुरात टी. नगरच्या रहिवाशाने कोणत्या नगरसेवकाचे दार ठोठावावे? कोणाचेच नाही, कारण नगरसेवक नव्हतेच. आधीच्या सभागृहाची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो. तरी १६८८ मध्ये स्थापन झालेली देशातील सर्वांत जुनी महापालिका पाच वर्षांहून अधिक काळ अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. पाँडी बाजारचा देखणा पादचारी मार्ग याच काळात, स्मार्ट सिटी योजनेतून तयार झाला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. तो हवा होता की नको, हा वेगळा प्रश्न. त्या पैशातून आधी फरसबंदी करावी की मांबलमचा नाला रुंद करावा, हे विचारायला सभागृहात कोणीही नव्हते, हा माझा मुद्दा आहे.

चोवीस वर्षांची उधारी

फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीचा निकाल २२ तारखेला लागला. ४ मार्चला आर. प्रिया महापौर झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या दलित महिला. सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच १ एप्रिलला राज्य सरकारने मालमत्ता करवाढ जाहीर केली. चेन्नईच्या जुन्या भागात ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ५० टक्के, १,२०० फुटांपर्यंत ७५ टक्के, १,८०० फुटांपर्यंत १०० टक्के आणि त्याहून मोठ्या घरांना १५० टक्के वाढ. प्रचारात या वाढीची पूर्वकल्पना मतदारांना कोणी दिली नव्हती. संताप स्वाभाविक होता.

पण त्या संतापाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चेन्नईत मालमत्ता कराची सर्वसाधारण फेरआकारणी त्यापूर्वी १९९८ मध्ये झाली होती. २०१८ मध्ये तत्कालीन अण्णाद्रमुक सरकारने वाढ केली आणि पुढच्याच वर्षी, निवडणुका समोर दिसू लागताच, ती स्थगित केली. आता साधे गणित करू. दरवर्षी अवघी ३ टक्के वाढ केली असती, तर २४ वर्षांत कर आपोआप दुप्पट झाला असता. म्हणजे मध्यम घराच्या मालकाला एका सकाळी जो १०० टक्क्यांचा धक्का बसला, तो कोणाच्या लक्षातही न येता पचला असता. प्रत्येक निवडणुकीत ‘करवाढ नाही’ म्हणणाऱ्यांनी आणि त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी मिळून ही उधारी साठवली होती.

करवाढीविरुद्धचा एक आक्षेप मात्र खरा आहे. पश्चिम मांबलममधले निवृत्त दांपत्य जुन्या, मोठ्या घरात राहते. घराची किंमत कोटींत, पेन्शन हजारांत. त्यांनी वाढीव कर कुठून भरावा? त्यांना हप्ते द्यावेत, सवलत द्यावी, घराचे हस्तांतरण होईपर्यंत वाढीव रक्कम पुढे ढकलण्याची मुभा द्यावी. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून उस्मान रोडवरच्या बहुमजली दुकानालाही जुन्याच दराने कर लावणे, ही करुणा नव्हे.

बाजार इथे, पैसा तिथे

टी. नगरमध्ये एवढी उलाढाल होते, मग महापालिका गरीब कशी, असे अनेकजण विचारतात. उत्तर सरळ आहे. साडीवरचा ५ टक्के आणि सोन्याच्या दागिन्यावरचा ३ टक्के वस्तू व सेवा कर दिल्ली आणि राज्य यांच्यात वाटला जातो. गर्दी, कचरा, वाहनतळ आणि तुंबलेले गटार तेवढे महापालिकेच्या वाट्याला येते. व्यवसाय कर पालिका घेते, पण त्याची वार्षिक २,५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेत १९८८ पासून जशीच्या तशी आहे. उरतो मालमत्ता कर. तो गोठवला की पालिकेला राज्याच्या दारात उभे राहावे लागते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये पालिकांच्या वित्तस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील पालिकांचा महसूल आणि खर्च वर्षानुवर्षे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास घुटमळतो आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के, असे त्यात नमूद आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १८ विषयांची यादी दिली. ते विषय आणि त्यांच्यासाठीचा पैसा सोपवणे मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडले.

मुंबईचा धडा

महाराष्ट्रातील वाचकांनी हे दूरच्या शहराचे गाऱ्हाणे समजू नये. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी हे २०१७ च्या निवडणुकीतले आश्वासन. ते जानेवारी २०२२ मध्ये, पुढची निवडणूक तोंडावर असताना अमलात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत मतदान झाले नाही. दरम्यान अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. त्यांतला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढ्या रकमेवर एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीने प्रश्न विचारला नाही, कारण विचारणारा सभागृहात नव्हता. मुंबईकडे मुदत ठेवी आहेत, म्हणून तिथे करमाफीची झळ लगेच जाणवत नाही. इतर शहरांना ती चैन परवडणारी नाही.

उमेदवाराला चार प्रश्न

चेन्नईच्या २०० प्रभागांत पुन्हा मते मागितली जातील, तेव्हा टी. नगरच्या उमेदवाराला मी चार प्रश्न विचारेन.

एक, मालमत्ता कर दरवर्षी थोडा वाढवणार की दहा-वीस वर्षे गोठवून एकदम वाढवणार? ‘वाढवणारच नाही’ हे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही.

दोन, नव्या बांधकामाला किती आणि आहे ते सांभाळायला किती? उद्घाटनाची फीत आकाशमार्गिकेला बांधता येते, गाळ काढलेल्या नाल्याला नाही. म्हणूनच गाळाचा आकडा आधी सांगा.

तीन, जे तुमच्या हातात नाही ते कबूल कराल का? चेन्नईत पाणी आणि मलनिस्सारण वेगळ्या मंडळाकडे आहे, बस वेगळ्या महामंडळाकडे, नगरनियोजन आणखी तिसऱ्याकडे. ‘घरोघरी पाणी देईन’ म्हणणारा नगरसेवक जे देऊ शकत नाही तेच देऊ करतो.

चार, अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी प्रभागातल्या लोकांसमोर मांडणार का? तमिळनाडूत क्षेत्रसभांचे नियम २०२२ मध्ये झाले. पुण्यात तर नागरिकांनी अर्थसंकल्पासाठी कामे सुचवण्याची प्रथा २००६ पासून आहे. व्यवस्था आहे, वापरणारा हवा.

या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा उमेदवार कदाचित हरेल. ‘तुमचा कर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल आणि त्या पैशातून मांबलमचा नाला दर पावसाळ्यापूर्वी साफ होईल, झाला नाही तर मला जाब विचारा’ असे म्हणणाऱ्याच्या सभेत टाळ्या पडणार नाहीत. पण जाब विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्यालाच शोभतो आणि तोच बजावताही येतो. फुकटाच्या आश्वासनाला मत देणाऱ्याला पाणी घरात शिरल्यावर तक्रार कोणाकडे करायची, हे उमगत नाही. मी त्या उमेदवाराला मत देईन. असे मतदार प्रभागात पुरेसे आहेत का, हा प्रश्न आता उमेदवारांना नव्हे, आपल्याला आहे.