डेलावेअरमध्ये कंपनी काढायची? आधी हे वाचा

व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो, "सर, अमेरिकेत डेलावेअरला कंपनी रजिस्टर करू का?" माझं मत सरळ आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी करू नये. पण डेलावेअरकडून शिकावं मात्र सगळ्यांनी.

आधी राज्य ओळखू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराला लागून. राजधानी डोव्हर, सगळ्यात मोठं शहर विल्मिंग्टन. काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे भाग, फक्त 3. क्षेत्रफळात अमेरिकेतलं दुसऱ्या नंबरचं छोटं राज्य. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 10 लाखांच्या जरा खाली. 7 डिसेंबर 1787 ला अमेरिकेच्या राज्यघटनेला सगळ्यात आधी मंजुरी यांनी दिली, म्हणून टोपणनाव 'फर्स्ट स्टेट'.

एवढंसं राज्य, तरी फॉर्च्यून 500 मधल्या निम्म्याहून जास्त कंपन्यांची नोंदणी इथे! का? 1899 मध्ये यांनी कंपन्यांना सोयीचा कायदा केला. तेव्हा हे गिऱ्हाईक शेजारच्या न्यू जर्सीकडे होतं. 1913 मध्ये न्यू जर्सीने नियम कडक केले आणि कंपन्या डेलावेअरकडे वळल्या. त्यात यांचं चॅन्सरी कोर्ट 1792 पासूनचं. तिथे ज्युरी नाही, कंपनी कायद्यात मुरलेले न्यायाधीश निकाल देतात. जुने निकाल भरपूर, त्यामुळे भांडण कुठे जाईल याचा वकिलाला अंदाज येतो. मोठा गुंतवणूकदार याच भरवशासाठी तिथे जातो.

आता तुमचं गणित. "तिथे टॅक्स नाही" हे अर्धसत्य आहे. गिऱ्हाइकाला सेल्स टॅक्स नाही हे खरं, पण राज्यात धंदा करणाऱ्याला उलाढालीवर ग्रॉस रिसीट टॅक्स आहे. एलएलसी काढली तर एक रुपयाचा धंदा न होताही वर्षाला 300 डॉलर भरावे लागतात. शिवाय तिथला रजिस्टर्ड एजंट ठेवावाच लागतो, त्याची फी वेगळी. तुम्ही भारतात राहता, म्हणजे जगभरातल्या कमाईवर इथे कर लागतोच. बाहेर पैसे गुंतवायचे तर फेमाचे नियम आहेत. अमेरिकन गुंतवणूकदार स्वतःहून मागणी करत असेल, तर सीएला विचारून जरूर पुढे जा. नाहीतर मसाले, कपडे, क्लासेस यासाठी उद्यम नोंदणी आणि लागू असेल तर जीएसटी, एवढं आधी नीट करा.

आणि शिकायचं काय? गिऱ्हाईक स्वस्ताईने येतं, पण भरवशाने टिकतं. भरवसा डळमळला की मोठं गिऱ्हाईकही उठून जातं. कोर्टाच्या एका निकालावरून वाद झाल्यावर 2024 मध्ये टेस्लाने आपली नोंदणी डेलावेअरमधून टेक्सासला नेली.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. माल परत घ्यायचा नियम, उधारीची मुदत आणि भागीदाराचा हिस्सा, या तीन गोष्टी कागदावर लिहा. पहिल्या दोन काउंटरवर लावा, तिसरीवर दोघांच्या सह्या घ्या. याला डॉलर लागत नाहीत.